साप जेवत नाही तेव्हा



आयंबिलाच्या पदार्थांचं राहिलेलं लिखाण पुढच्या वेळी. आज जे लिहितेय ते तीन महिने मनात साठलंय. काही जणींना ते आवडणार नाही, हेही मला माहीत आहे. आमच्या सोसायटीत, स्थानकात, अगदी माझ्या माहेरीसुद्धा "हिच्या घरी साप होता म्हणे" एवढीच बातमी फिरली. तर होय, होता.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी चिरंजीव पुण्याहून आले ते हातात एक डबा घेऊन. डब्याला भोकं पाडलेली. मला वाटलं, कोणाकडून तरी सशाचं पिल्लू आणलं असेल. झाकण उघडलं तर तपकिरी-पिवळ्या नक्षीचं, हाताच्या बोटाएवढं जाड वेटोळं. मी किंचाळले, सासूबाई मात्र चष्मा लावून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "पिल्लू आहे गं."

हा बॉल पायथन. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या भागातला. विष नसतं. घाबरला की डोकं मध्ये लपवून स्वतःचा चेंडू करतो, म्हणून ते नाव. चिरंजीवांचा मित्र परदेशी शिकायला निघाला होता, त्याने "दोन वर्षं सांभाळ" म्हणून दिला. मी आधी कायद्याचं विचारलं, कारण आपल्याकडे साप पाळणं गुन्हा आहे एवढं मला ठाऊक होतं. ते खरंच आहे. नाग, धामण, आपला अजगर, म्हणजे इथला कुठलाही साप १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरात ठेवता येत नाही. परदेशी जातींचं वेगळं आहे. त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. मित्राने कागद केले होते. त्यामुळे कायद्याच्या नावाखाली नाही म्हणायची सोय उरली नाही.

उरलं ते खाण्याचं. हा जीव उंदीर खातो. दुसरं काही खातच नाही. फळ नाही, पोळी नाही, पनीर नाही. (पनीर एका वहिनींनी अगदी मनापासून सुचवलं होतं.) मी त्याच रात्री सांगून टाकलं, "माझ्या घरात, माझ्या उंबऱ्याच्या आत हे होणार नाही." आमच्याकडे कांदा-लसूणसुद्धा येत नाही. संध्याकाळी चौविहार असतो. त्या घरात मेलेला उंदीर? शक्यच नाही. चिरंजीव म्हणाले, "मम्मी, घरात नाही करणार. मित्राच्या खोलीवर नेऊन खायला घालत जाईन." मी हो म्हटलं. मला वाटलं, मधला मार्ग निघाला. आपलं घर स्वच्छ राहिलं, मुलाचं मनही राहिलं.

या "हो"बद्दलच मला लिहायचं आहे.

दर रविवारी रात्री हा डबा स्कूटरवरून कॉलेज रोडच्या पलीकडे जायचा. तिथे मित्राकडे फ्रीजरमध्ये गोठवलेले उंदीर असतात, ते वितळवून, कोमट करून चिमट्याने समोर धरायचे. पहिल्या रविवारी त्याने खाल्लं नाही. दुसऱ्या रविवारी नाही. तिसऱ्या रविवारी तोंड फिरवून चेंडू करून बसला. मुलाने एक वेगळा वजनकाटा आणला होता, त्यावर दर आठवड्याला नोंद व्हायची. आला तेव्हा ८२ ग्रॅम, मग ७९, मग ७६.

खरं सांगते, पहिले दोन आठवडे मला आतून बरं वाटत होतं. नाही खात तर नाही खात. एक उंदीर वाचला. शेजारच्या काकू तर हात जोडून म्हणाल्या, "अहो, जैनाच्या घरी आलाय, गुण लागला. चंडकौशिकच म्हणायचा!" मीही हसले. हे हसणं मला पुढे फार टोचलं.

चंडकौशिकाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. भगवान महावीर त्याच्या वाटेवर उभे राहिले, त्याने दंश केला, पायातून दुधासारखं रक्त आलं, भगवंतांनी त्याला जागं केलं. मग त्याने तोंड बिळात घातलं आणि अन्न सोडलं, कोणाला आपल्या दृष्टीनेही इजा नको म्हणून. गावकऱ्यांनी भक्तीने त्याच्या अंगावर दूध-तूप घातलं, त्याने मुंग्या आल्या, मुंग्यांनी शरीराची चाळण केली, तरी तो हलला नाही. ही गोष्ट आपण मुलांना क्षमेची म्हणून सांगतो. या वेळी मला तिच्यातल्या दोन गोष्टी नव्याने दिसल्या. एक, त्याला पूर्वजन्म आठवला होता, त्याने समजून अन्न सोडलं. दुसरी, गावकऱ्यांच्या दूध-तुपाने त्याचा त्रास वाढला. त्यांचा भाव चांगला होता, पण साप काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

आमचं पिल्लू कसलं पच्चक्खाण घेऊन बसलं होतं? त्याने काही सोडलं नव्हतं. त्याला खाता येत नव्हतं.

हे मला कळलं ते सासूबाईंमुळे. त्यांचं माहेर निफाडकडचं. डिसेंबर लागला, गोदाकाठची थंडी सुरू झाली. निफाडला पारा किती उतरतो हे दरवर्षी पेपरात येतंच, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. सासूबाई शाल गुंडाळून त्या काचेच्या पेटीसमोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "थंडीत कुठे साप जेवतो? आमच्या धान्याच्या कोठीत धामण असायची. दिवाळीनंतर दिसायचीच नाही. होळीला बाहेर." सातवी शिकलेल्या बाईने जे एका वाक्यात सांगितलं, ते आम्ही इंटरनेटवर शोधूनही आमच्या लक्षात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मुलाने पुण्याच्या एका डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवलं, ज्या अशाच वेगळ्या प्राण्यांवर उपचार करतात. मी बाजूला उभी होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पेटीत रात्री तापमान किती असतं?" आम्ही मोजलंच नव्हतं. खाली गरम होणारी पॅड होती, पण तिला थर्मोस्टॅट नव्हता, आणि मध्यरात्री लाईट गेली की तीही बंद. रात्री थर्मामीटर ठेवून पाहिलं तर पेटीत २१ अंश.

त्यांनी जे समजावलं ते मी वहीत लिहून घेतलं, तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा पाहुणा आला तर उपयोगी पडेल. सापाच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. अन्न पचायचं तर बाहेरची ऊब लागते. थंडीत त्याने गिळलं तर ते पोटात पचण्याऐवजी सडतं आणि तो ते उलटून टाकतो. म्हणून त्याचं शरीरच त्याला खाऊ देत नाही. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश आणि दुसरी २६-२७ हवी, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. हवेत ओलावा साधारण ६० टक्के. पाणी कायम. आणि लपायला दोन जागा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, अंग चारी बाजूंनी टेकेल इतक्या अरुंद. हे साप रानात बिळांमध्ये राहतात. आम्ही त्याला हॉलमध्ये मोठ्या काचपेटीत ठेवलं होतं, आणि इमारतीतली पोरं येऊन काचेवर टकटक करत होती.

कात टाकायच्या आधी डोळे दुधी होतात, तेव्हाही तो खात नाही, त्यात काळजीचं काही नसतं. मोठा बॉल पायथन तर काही महिने न खाता सहज राहतो. पायथनचं आतडंसुद्धा उपवासात आक्रसतं आणि जेवण मिळालं की एक-दोन दिवसांत पुन्हा वाढतं, अशी त्याची रचना आहे. पण पिल्लाजवळ तेवढा साठा नसतो. वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं की वाट बघत बसायचं नाही. आमचं त्या दिवशी ७४ होतं. ८२ मधून आठ गेले, हिशेब तुम्हीच करा.

मग डॉक्टरांनी विचारलं, "खायला कुठे देता?" मुलाने सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, "दर आठवड्याला थंडीत स्कूटरवरून नेता, अनोळखी खोलीत अनोळखी वासांमध्ये ठेवता, आणि अर्ध्या तासाने परत आणता? घाबरलेला साप खात नाही. त्याला कुठेही नेऊ नका. दहा दिवस हात लावू नका. मग तो राहतो तिथेच, अंधार पडल्यावर द्या."

तो राहतो तिथेच. म्हणजे माझ्या उंबऱ्याच्या आत.

मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, हे त्याचे उपकार. मी स्वयंपाकघरात गेले. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले आणि पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांपाशी आले. वर्षानुवर्षं मी ते म्हणते. पाच अतिचार आहेत: जीवाला बांधून ठेवणं, मारणं, त्याचे अवयव छेदणं, जास्त भार लादणं, आणि पाचवा, त्याचं अन्नपाणी तोडणं. पहिला आणि पाचवा ऐकून माझा आवाज थांबला. पेटीत बांधून ठेवलेला एक जीव, आणि माझ्या नियमामुळे त्याचं तुटलेलं अन्न.

थोडं पुढे गेलं की सातव्या व्रतात पंधरा कर्मादानं येतात. त्यात असतीपोषण आहे, हिंसक प्राणी पाळणं-पोसणं. ते धंद्यापुरतं सांगितलंय असं म्हणून आपण सुटका करून घेतो, पण हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्या ठिकाणी मांजर, कुत्रा, अगदी पोपट-मैनासुद्धा येतात. म्हणजे एकाच बैठकीत मी दोन्ही म्हणत होते. असा जीव पोसू नको, आणि बांधलेल्या जीवाचं अन्न तोडू नको. पहिली चूक आमच्याकडून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी होऊन गेली होती. ती झाकायला मी दुसरी करत होते आणि तिला अहिंसा म्हणत होते.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. आपल्यातल्या काही जणी म्हणतात, "मांसाहारी प्राण्याला उपाशी राहिला तर राहू द्यावा, निदान पाप आपल्या हातून नको." मला हे पटत नाही. आपण अठ्ठाई करतो तेव्हा पच्चक्खाण आपल्या तोंडाने घेतो. घरातल्या लहान मुलाला जबरदस्तीने उपवास करायला लावला तर त्याला कोणी तप म्हणत नाही. मग दार बंद असलेल्या पेटीतल्या जीवाची उपासमार तप कशी? रानात असता तर तो स्वतः ऊब शोधून बसला असता, स्वतःचं भक्ष्य शोधलं असतं, आणि त्यात आपला काही संबंध नव्हता. त्याची ती वाट आपण बंद केली, आता "आम्ही त्यातले नाही" म्हणता येत नाही.

दुधाचंही सांगते. नागपंचमीला वारुळाला दूध घालणाऱ्या आपल्याही ओळखीत आहेत. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं. दात काढलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं असतं. ते दूध फुप्फुसात जातं आणि पुढे तो मरतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची केवढी मिरवणूक निघायची, ती कोर्टाने थांबवली. लोकांना राग आला, श्रद्धेचा प्रश्न म्हणाले. मलाही तेव्हा वाटलं होतं, कशाला लोकांच्या सणात पडायचं. आता वाटतं, चंडकौशिकाच्या अंगावर तूप घालणारे गावकरी आणि आपण यांच्यात फार अंतर नाही.

तर मी काय केलं. गच्चीवरची खोली रिकामी केली. काचपेटीच्या जागी लहान, हवेशीर डबा आला, आत चुरगळलेले वर्तमानपत्राचे कागद आणि दोन उपडी ठेवलेली मातीची भांडी, कडेला दार पाडलेली. थर्मोस्टॅट लावला. लाईट जाते म्हणून इन्व्हर्टरची एक वायर वर नेली, यावरून ह्यांनी दोन दिवस मला चिडवलं. खोलीला कुलूप, पोरांना बंदी. दहा दिवस कोणी हात लावला नाही. फक्त पाणी बदलायचं. सासूबाई मात्र दोनदा वर जाऊन आल्या, "श्वास घेतोय" एवढं सांगायला.

आमच्या फ्रीजमध्ये मी काही ठेवू दिलं नाही, ते अजूनही बरोबरच वाटतं. मुलाने मित्राकडूनच वितळवून, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये कोमट पाण्यावर पिशवीत ठेवून आणलं. एकदम लहान, अंगावर केसही न आलेलं पिल्लू, कारण इतक्या दिवसांच्या उपासानंतर पहिला घास हलका हवा. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. आपण तरी पारण्याला मुगाचं पाणीच घेतो ना? जिवंत उंदीर सोडायचा नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. घाबरलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो, आणि त्या उंदराची भीती वेगळीच. गोठवलेल्यात निदान तो खेळ होत नाही. याने हिंसा नाहीशी होत नाही, मला ठाऊक आहे. तो उंदीर कोणीतरी याच कामासाठी वाढवला आणि मारला होता.

मुलगा वर गेला. मी खाली दिवाणखान्यात सामायिक घेतली. अठ्ठेचाळीस मिनिटं. माझं मन एका मिनिटालाही माळेवर नव्हतं. खाऊ दे, असं वाटत होतं, आणि खाऊ दे म्हणजे काय मागतेय मी, हेही कळत होतं. त्या उंदरासाठी काय मागावं ते सुचलं नाही. सामायिक पारून उठले तेव्हा मुलगा जिन्यात उभा होता. "मम्मी, खाल्लं." काटा त्या दिवशी ७३ दाखवत होता.

मला आनंद झाला. तो लपवून काय करू? पण जेवण गेलं नाही त्या रात्री. आनंद कशाचा झाला हे आठवून आठवून बसले होते.

पुढच्या रविवारी स्थानकात महासतीजींना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "आणायचा कोणी ठरवला?" मी म्हटलं, मुलाने. "ठेवायचा कोणी ठरवला?" मी म्हटलं, मी. मग म्हणाल्या, "आणि अजून किती दिवस?" प्रायश्चित्त दिलं ते मी इथे लिहीत नाही. पण त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला महिना लागला.

पांजरापोळीत तर नेता येत नाही, तिथे गाई-गुरं. रानात सोडणं हा तर गुन्हाच. आफ्रिकेतला जीव इथल्या थंडीत मरेल, आणि जगला तर इथल्या जीवांवर संकट. म्हणजे सोडून देणं, जे आपल्याला सगळ्यात सोपं आणि पुण्याचं वाटतं, तेच इथे चुकीचं होतं. शेवटी त्याच डॉक्टरांच्या ओळखीने पुण्यातलं एक कुटुंब मिळालं. त्यांच्याकडे आधीच दोन आहेत, कागद नीट आहेत, घर मांसाहारी आहे, त्यामुळे त्यांना त्यात वेगळं काही वाटत नाही. मित्राला परदेशात फोन करून त्याची संमती घेतली. पोर्टलवर नाव बदललं. फाल्गुनात दिला तेव्हा ९६ ग्रॅम होता. दरम्यान माझ्या घरात तो आणखी सहा वेळा जेवला, दर वेळी थर्मास, दर वेळी माझी सामायिक.

मुलाने नेताना एक शब्द काढला नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, की पुढच्या वेळी काही आणायचं असेल तर आणायच्या आधी विचार, आणल्यावर नको. आणि तुम्हालाही तेच सांगते, कारण हल्ली पुण्या-मुंबईत ही फॅशन आहे आणि आपली मुलं तिथेच शिकतात. तो डबा दारात यायच्या आधी नाही म्हणा, हवं तर भांडा. दारातून आत आल्यावर मात्र पेटीतली ऊब मोजा. आणि चंडकौशिकाचं नाव तर मुळीच घेऊ नका.

गच्चीवरची खोली पुन्हा पापडाची झाली आहे. सासूबाईंनी परवा विचारलं, "पुण्याला थंडी कमी असते ना गं?"